पत्र्याची जाडी : पाण्याच्या विद्युत् विच्छेदनाच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रश्न

पनवेलजवळ कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारात पत्रा घ्यावयास गेलेल्या माणसाला दुकानदार दोन प्रश्न विचारतो : माल कोणता, आणि गेज किती? टाकी, खिडकीवरचे छप्पर, स्वयंपाकाचा ओटा अशा नित्याच्या कामांसाठी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रूढीने ठरलेले असते, आणि गिऱ्हाइकाला ते ठाऊक नसले तरी दुकानदाराला असते. पण घरच्या घरी पाण्यातून हायड्रोजन काढण्याचा घट बांधावयास निघालेला एखादा उत्साही विद्यार्थी किंवा कारागीर त्या दुकानात उभा राहिला, तर ही सोय उरत नाही. तो कोठेतरी ऐकलेला आकडा सांगतो. हा आकडा बहुधा १६ ते २० गेजच्या दरम्यान असतो. तोच का, असे विचारले तर त्याला कारण सांगता येत नाही, आणि ज्याच्याकडून त्याने तो घेतला त्यालाही बहुधा सांगता येत नसे.

तंत्रविद्येच्या इतिहासात शोधकांची चरित्रे लिहिली जातात, यंत्रांची वर्णने येतात, पेटंटांचे वाद सविस्तर सांगितले जातात. एखाद्या मापाचे चरित्र मात्र क्वचितच लिहिले जाते. विच्छेदन घटातील पत्र्याच्या जाडीचे चरित्र लिहिण्याजोगे आहे असे आम्हांस वाटते. गेल्या सव्वादोनशे वर्षांत या एकाच मापाचा अर्थ निदान तीनदा बदलला; आकडे मात्र एका अर्थाच्या काळातून दुसऱ्या अर्थाच्या काळात तसेच वाहत आले.

धातूचा पत्रा किती जाड असावा हा प्रश्न पनवेलला नवा नाही. श्रीधूतपापेश्वर ही आयुर्वेदीय औषधशाळा कृष्णशास्त्री पुराणिक यांनी येथे १८७२ साली स्थापन केली. भस्मे हा अशा औषधशाळांच्या कामाचा महत्त्वाचा भाग होय. रसशास्त्रात तांब्यासारख्या धातूचे शोधन व मारण करण्यापूर्वी त्याचे पत्रे ठोकून घ्यावयास सांगितले आहे, आणि ते पत्रे किती पातळ असावेत याचे मापही दिले आहे. ते माप म्हणजे ‘कंटकवेधी’, अर्थात काट्याने टोचले असता भोक पडेल इतके पातळ. असे पत्रे तापवून तेल, ताक, गोमूत्र, कांजी आणि कुळथाचा काढा यांत पुनःपुन्हा विझवावयाचे, आणि मग पुढची पुटे द्यावयाची. आजचा वाचक या व्याख्येला अस्पष्ट म्हणेल. वास्तविक ती फार काटेकोर आहे. जाडी कशासाठी हवी हे त्या मापातच सांगितलेले आहे. पत्रा द्रवाला आणि अग्नीला सर्व बाजूंनी सापडावा, त्याच्या पोटात न पोचलेली धातू शिल्लक राहू नये, म्हणून तो पातळ. पत्र्याने येथे टिकावयाचे नसून संपावयाचे आहे. काट्याच्या कसोटीत आकडा नाही, पण प्रयोजन आहे. गेजच्या आकड्याचे याच्या नेमके उलट झाले.

विद्युत् विच्छेदनाच्या आरंभी पत्रा नव्हताच, तार होती. १७८९ साली व्हान ट्रूस्टविक आणि डायमन या दोघा डच संशोधकांनी घर्षणयंत्राच्या विद्युत् स्फुल्लिंगांनी सोन्याच्या तारांच्या साहाय्याने पाण्यापासून वायू मिळविला. व्होल्टाने आपल्या विद्युत् चितीचे वर्णन मार्च १८०० मध्ये पत्राने लंडनला कळविले, आणि त्याच वर्षी मे महिन्याच्या आरंभी निकल्सन व कार्लाइल यांनी तशी चिती रचून पाण्यात दोन तारा बुडविल्या. तारा पितळेच्या होत्या. एका तारेवरून हायड्रोजनचे बुडबुडे निघू लागले. दुसऱ्या तारेवर वायू दिसण्याऐवजी तारच काळवंडू व झिजू लागली. प्लॅटिनमची तार वापरल्यावर मात्र दोन्हीकडून वायू आले. त्यांच्या निरीक्षणांपैकी हे दुसरे निरीक्षण आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. धनाग्रावर विजेला दोन कामे उपलब्ध असतात : ऑक्सिजन सोडणे किंवा धातू विरघळविणे. कोणते काम होईल हे धातूवर आणि द्रवावर अवलंबून असते. धातू विरघळणार असेल तर तिची जाडी म्हणजे तिचे आयुष्य. विरघळणार नसेल तर केसासारखी तारही पुरते.

फॅरडेने १८३३–३४ मध्ये आपले नियम मांडले तेव्हा या प्रश्नाचा एक भाग कायमचा निकालात निघाला. निघणारा वायू हा घटातून गेलेल्या एकूण विद्युत् भाराच्या प्रमाणात असतो. अग्रांचा आकार, त्यांतील अंतर, त्यांची जाडी यांपैकी कशाचाही त्या प्रमाणात प्रवेश नाही. एक अँपिअर प्रवाह एक तास वाहिला तर ०.०३७६ ग्रॅम हायड्रोजन मिळतो. शून्य अंश सेल्सिअस व एक वातावरण दाब यांस त्याचे आकारमान ०.४१८ लिटर होते, आणि त्याच्या निम्मा ऑक्सिजन. प्लॅटिनमच्या तारेनेही तेवढाच, आणि दोन सूत जाडीच्या पोलादी पाटानेही तेवढाच. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आपल्या सुतारांच्या आणि लोहारांच्या तोंडी हे माप अद्याप आहे.) जाड पत्रा घेतल्याने वायू अधिक निघतो ही समजूत घरगुती घट बांधणाऱ्यांत आजही आढळते. तिचे उत्तर १८३४ सालापासून उपलब्ध आहे.

मग जाडीचा प्रश्न उरतो कोठे? तो विद्युत् दाबात उरतो. वायू भाराच्या प्रमाणात येतो, पण तो भार ढकलण्यास किती दाब लागला यावर खर्च अवलंबून असतो. पाण्याच्या विच्छेदनास सिद्धांताप्रमाणे १.२३ व्होल्ट पुरेत. बाहेरून उष्णता न घेता काम चालावयाचे तर १.४८ व्होल्ट लागतात. प्रत्यक्षात अल्कली द्रावणातील घट १.८ ते २.२ व्होल्टच्या आसपास चालतात. हा वरचा भाग द्रावणात, वायूच्या बुडबुड्यांत, अग्रांच्या पृष्ठभागी आणि स्वतः धातूत खर्च होतो. या शेवटच्या खर्चाकडे प्रयोगशाळेत कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. डायनामो आला, प्रवाह शेकड्यांनी मोजले जाऊ लागले, तेव्हा ते गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतील घट टाकीच्या स्वरूपाचे होते. फ्रान्समध्ये शार्ल रनार याने लष्करी बलूनसाठी लोखंडी अग्रांचे आणि दाहक सोड्याच्या द्रावणाचे घट बनविले. इटलीत पॉम्पेओ गारुती याने अशी एक रचना केली की, तिच्यात दोन वायू वेगळे ठेवणारे पटलही धातूच्याच पत्र्याचे होते. हा पत्रा अग्रांच्या मधोमध उभा असूनही अग्र म्हणून काम करीत नसे. कारण तसे काम त्याने करावयाचे तर त्याच्या दोन्ही तोंडांवर विच्छेदन व्हावे लागेल, म्हणजे दुप्पट दाब लागेल. गारुती दाब त्याखाली ठेवीत असे. एकाच टाकीत एकाच लोखंडाचे दोन पत्रे, एक काम करणारा आणि एक केवळ आडोसा देणारा, हा विचार त्या काळी नवा होता. डेन्मार्कमधील आस्कोव येथे पॉल ला कूर याने पवनचक्कीच्या विजेवर गारुतीच्या पद्धतीने हायड्रोजन काढून १८९५ ते १९०२ या काळात तेथील लोकविद्यापीठात दिवे लावले. त्याच्या खिडक्यांची हकीकत पुढे येईल.

टाकीतील घटाला आज एकध्रुवी म्हणतात. त्यात प्रत्येक पत्रा वरच्या कडेला तांब्याच्या दांड्याला जोडलेला असतो. प्रवाह वरून पत्र्यात शिरतो, पत्र्याच्या अंगातून खाली उतरतो आणि उतरता उतरता दोन्ही तोंडांनी द्रावणात जातो. म्हणजे येथे पत्रा हा एकाच वेळी अग्रही आहे आणि तारही आहे. तारेची जाडी महत्त्वाची असते, तशी येथे पत्र्याची. हिशेब अवघड नाही. अगंज पोलाद घेतले तर त्याचा विशिष्ट रोध तांब्याच्या सुमारे चाळीसपट असतो. पत्रा एक मिलिमीटर जाड आणि एक मीटर उंच आहे, आणि दोन्ही तोंडांवर चौरस सेंटिमीटरला ०.१ अँपिअर प्रवाह आहे असे धरले, तर वरच्या कडेपासून तळापर्यंत सुमारे ०.७२ व्होल्ट पत्र्याच्या अंगातच हरवतात. ज्या घटाला एकूण दोन व्होल्ट द्यावयाचे त्यात ही तूट असह्य होय. तळाचा भाग जवळजवळ निकामी राहतो आणि सगळा भार वरच्या भागावर पडतो. जाडी तिप्पट केली तर तूट एक तृतीयांश होते, आणि म्हणून टाकीच्या घटांत पत्रे जाड असावे लागत, किंवा पोटात तांबे भरावे लागे, किंवा उंची कमी ठेवावी लागे. वाचकांच्या लक्षात येईल की ही तूट उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ही गोष्ट पुढे घरगुती घटाचा विचार करताना निर्णायक ठरणार आहे.

१८९९ च्या सुमारास श्मिट याने जी रचना केली आणि स्वित्झर्लंडमधील ऑर्लिकॉन कारखान्याने जी बाजारात आणली, तिने हा सर्व हिशेब उलटविला. ही रचना गाळणयंत्रासारखी होती. लोखंडी पाट एकामागे एक उभे करावयाचे, दोन पाटांमध्ये रबरी काठाचे ॲस्बेस्टॉसचे पटल घालावयाचे, आणि संपूर्ण गठ्ठा दोन्ही टोकांकडून आवळावयाचा. विजेची जोडणी फक्त टोकांच्या पाटांना. मधल्या प्रत्येक पाटाचे एक तोंड धनाग्र आणि दुसरे ऋणाग्र. प्रवाह पत्र्याच्या अंगातून खाली उतरत नाही, तो पत्र्याला आरपार ओलांडून जातो. अशा घटास द्विध्रुवी म्हणतात. आता तोच एक मिलिमीटरचा पत्रा आणि तीच प्रवाहाची घनता घेऊन पुन्हा हिशेब केला तर पत्र्यात हरवणारा दाब एक व्होल्टच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी येतो. पत्रा दहापट जाड केला काय किंवा दहापट पातळ केला काय, विजेला त्याचा पत्ताही लागत नाही.

जाडीच्या इतिहासातील हा खरा संधिकाल होय, आणि तो फारसा कोणी नोंदविलेला नाही. श्मिटच्या पाटांची घडण पाहिली म्हणजे बदल डोळ्यांना दिसतो. त्या पाटांचा काठ जाड आणि मध्य त्यामानाने पातळ होता. काठ जाड, कारण त्यावर आवळण्याचा सर्व भार येई आणि त्या उठावामुळेच द्रावणाला जागा मिळे. मध्य पातळ, कारण विजेला जाडीची गरज उरली नव्हती. एकाच पाटावर दोन जाड्या, आणि दोहोंपैकी एकीचेही कारण विद्युत् नाही. पत्रा आता तार राहिला नव्हता. तो भिंत झाला होता. भिंतीला जे लागते ते त्याला हवे होते : ताठपणा, सपाटपणा, गळती न होणे, गंजून भोक न पडणे.

कोकणाच्या या पट्ट्यात हा उद्योग यावयास हवा होता असे नकाशा पाहताना वाटते. पनवेलच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात खोपोली येथे टाटांचे जलविद्युत्गृह १९१५ साली सुरू झाले. लोणावळ्याच्या बाजूची तळी, घाटाचा उंच उतार, आणि पायथ्याशी वीज. नॉर्वेत रिउकान येथे अशाच उंच धबधब्याच्या विजेवर १९२० नंतरच्या दशकात प्रचंड प्रमाणावर हायड्रोजन काढू लागले. खोपोलीची वीज मात्र मुंबईच्या कापडगिरण्यांकडे गेली. गिऱ्हाईक दाराशी उभे असताना ती पाण्यात ओतण्याचे कारण नव्हते, हे एक. दुसरे कारण प्रमाणाचे आहे. भाक्राच्या विजेवर पंजाबात नानगल येथे जो विच्छेदन कारखाना उभा राहिला त्यात इटलीतील डी नोरा यांचे घट होते आणि ताशी सुमारे ३०,००० घनमीटर हायड्रोजनची त्यांची क्षमता होती. तेवढ्यासाठी सव्वाशे ते दीडशे मेगावॅट वीज अखंड लागते. खोपोलीच्या केंद्राची एकूण क्षमता ७२ मेगावॅट आहे. नानगलचा हायड्रोजन मुख्यतः खतासाठी होता, आणि त्यालाच जोडून १९६२ साली भारतातला पहिला जड पाण्याचा कारखाना सुरू झाला. पुढे वीज दुर्मिळ झाली तशी तेथील विच्छेदनाची पद्धतही मागे पडली.

मुंबईत विच्छेदनाच्या हायड्रोजनला वाव मिळाला तो वनस्पती तुपाच्या धंद्यात. शिवडीला १९३२ पासून वनस्पती तयार होऊ लागले, आणि तेल घट्ट करण्यासाठी शुद्ध हायड्रोजन लागत असल्याने भारतातील अनेक वनस्पती कारखान्यांनी स्वतःचे विच्छेदन घट बसविले. हे मध्यम आकाराचे, वर्षानुवर्षे चालणारे घट होते. देशी कारागिरांना असे घट उघडून पाहण्याची संधी येथेच मिळाली असावी. १९८० नंतरच्या दशकात याच रायगड जिल्ह्यात थळ येथे खताचा आणि त्याला जोडून जड पाण्याचा कारखाना आला. पण तेथील हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढलेला होता. त्यात पत्र्याचा प्रश्नच नव्हता.

मोठ्या उद्योगात द्विध्रुवी घटाने जाडीला नवा अर्थ दिला, परंतु घरगुती घटाकडे जो आकडा आला तो या वाटेने आलेला नाही. त्याची वाट पत्र्याच्या दुकानातून जाते. ब्रिटनमध्ये तारेचे आणि पत्र्याचे गेज कारखान्यागणिक वेगळे असे. तो गोंधळ मोडण्यासाठी १८८४ पासून एक प्रमाण गेज कायदेशीर झाले. त्यात १६ गेज म्हणजे १.६३ मिलिमीटर, १८ म्हणजे १.२२, २० म्हणजे ०.९१, आणि २२ म्हणजे ०.७१. अमेरिकेने १८९३ साली स्वतःचे गेज ठरविले ते चौरस फुटाच्या वजनावरून. तेथे जाडी ही मुळात वजनाची छाया होती. त्यामुळे दोन देशांचा १८ गेज एकसारखा नाही. भारतात मापांचा दशमान कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आला, तरी पत्र्याच्या बाजारात गेजचे राज्य संपलेले नाही. कळंबोलीला मिळणारा १८ गेज कोणत्या परंपरेचा, हे दुकानदार सांगत नाही आणि गिऱ्हाईक विचारीत नाही. सूक्ष्ममापी लावून पाहणे हाच उपाय.

पाण्यावर मोटार चालविण्याच्या ज्या चळवळी १९७० नंतर ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथे उगवल्या, त्यांनी हे आकडे जगभर पसरविले. त्यांच्या मूळ दाव्यांविषयी येथे अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. स्टॅन्ली मेयर याच्या ‘जलेंधन’ यंत्राविषयी ओहायोतील न्यायालयाने १९९६ साली फसवणुकीचा निकाल दिला एवढे सांगितले म्हणजे पुरे. एक किलोग्रॅम हायड्रोजन काढण्यास प्रत्यक्षात पन्नास युनिटांच्या आसपास वीज जाते आणि तो जाळून त्यातून कितीही कौशल्याने तेवढी परत येत नाही, ही गोष्ट कोणत्याही पदवीधराला ठाऊक असते. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की, या चळवळीतील लोक पोलादी पत्र्यांचे जे गठ्ठे बांधीत त्यांचे माप त्यांनी आपल्या वर्कशॉपमधून घेतले. अमेरिकेत गॅरेजात मिळणारा, कापता येणारा, भोक पाडताना न वाकणारा पत्रा म्हणजे १६ ते २० गेज. तो आकडा सूचनापत्रकांत शिरला आणि तेथून, मूळ गेज कोणते याचा उल्लेखही न राहता, आपल्याकडे आला.

आता घरगुती घटाच्या मापाने हिशेब करून पाहू. पत्रा १५ सेंटिमीटर औरसचौरस, एक मिलिमीटर जाड, अगंज पोलादाचा. घट टाकीच्या पद्धतीचा असून प्रवाह वरच्या संपूर्ण कडेने येतो आणि दोन्ही तोंडे काम करतात असे धरले, तरी पत्र्यात हरवणारा दाब सुमारे १६ मिलिव्होल्ट एवढाच येतो. उंची मीटरवरून १५ सेंटिमीटरवर आली आणि वर्गाच्या नियमाने तूट पंचेचाळिसाव्या हिश्शाच्या आसपास उतरली. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा घेतला तर ३२. प्रवाह एका कोपऱ्यातील बोल्टने आत घेतला तर हे आकडे काही पटींनी वाढतात, पण त्या बोल्टखालचा गंज आणि ढिला वायसर याहून अधिक दाब खाऊन टाकतो. आणि प्रचलित घरगुती घटात तर सात पत्र्यांपैकी दोनच जोडलेले असतात. मोटारीच्या बॅटरीचा दाब सहा जागांत वाटून द्यावयाचा म्हणून मधले पाच मोकळे ठेवलेले असतात. हे पाच पत्रे म्हणजे श्मिटचे द्विध्रुवी पाटच होत, जरी बांधणाऱ्याला श्मिटचे नावही ठाऊक नसले. त्यांच्यापुरती जाडी विजेला पूर्णपणे अप्रस्तुत आहे.

ताठपणाचा हिशेब मात्र खरा आहे. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. २० गेजच्या जागी १६ गेज घेतला तर वजन आणि किंमत पावणेदोन पट होते, पण ताठपणा साडेपाच पट. परंतु हाही लाभ सर्व पत्र्यांना सारखा लागू नाही. मधल्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंना वायूचा दाब जवळजवळ सारखाच असतो. त्याला वाकविणारे काही नाही. त्याने फक्त रबरी काठाखाली सपाट बसावयाचे. दाब पेलण्याचे काम टोकांचे, आणि तेथेही पत्र्याच्या मागे जाड फळी असते. विचाराने घट बांधावयाचा तर टोकांचे दोन पत्रे जाड आणि मधले पाच पातळ असावयास हवेत.

राहिला झिजण्याचा प्रश्न, निकल्सनच्या पितळी तारेचा. अगंज पोलाद हे नाव या बाबतीत भ्रम उत्पन्न करते. चांगल्या कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ते धनाग्र म्हणून बरेच टिकते, पण अमर नसते. उद्योगात धनाग्राच्या पोलादावर निकेल चढवितात ते यासाठीच. उलट, पाण्यात मीठ टाकणारे महाभाग असतात, त्यांच्या घटात क्लोरीन निघतो आणि पत्र्यावर खड्डे पडतात. फॅरडेचा नियम धातूलाही लागू आहे. वर घेतलेल्या पत्र्याच्या एका तोंडाने साडेबावीस अँपिअर जात आहेत आणि त्यांपैकी समजा केवळ एक टक्का प्रवाह लोखंड विरघळविण्यात जात आहे, तर तासाला सुमारे दीड दशांश ग्रॅम धातू जाते, आणि पावणेदोनशे ग्रॅमचा तो पत्रा हजार-अकराशे तासांत नाहीसा होतो. दुप्पट जाड पत्रा दुप्पट काळ टिकेल, पण दुप्पट धातू द्रावणात सोडील. जाडीने आयुष्य विकत घेता येते, झीज थांबविता येत नाही. विरघळलेल्या धातूत क्रोमियमही असते आणि ते षट्संयुजी रूपात गेले म्हणजे द्रावण पिवळे होते. हे रूप विषारी व कर्करोगजनक आहे. अशा घटाचे पिवळसर पाणी मोरीत ओतून देण्याची जी पद्धत आहे ती पत्र्याच्या कोणत्याही चुकीहून गंभीर होय.

आस्कोवच्या खिडक्यांची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ला कूरच्या हायड्रोजनमध्ये थोडासा ऑक्सिजन मिसळला गेल्यामुळे स्फोट होऊन विद्यालयाच्या खिडक्यांच्या काचा अनेकदा नव्याने बसवाव्या लागल्या असे सांगतात. गारुतीचे पटल असताना हे घडले. प्रचलित घरगुती घटात पटल नसतेच. दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन हे स्फोटाला सर्वांत अनुकूल मिश्रण, आणि तेच त्याच्या नळीतून बाहेर येते. आस्कोवला जो अपघात होता तो येथे घटाचा नित्याचा माल आहे. हायड्रोजन पेटविण्यास लागणारी ठिणगी इतकी क्षुद्र असते की, कपड्याच्या घर्षणाची वीजही पुरते. १६ गेजचा पत्रा या मिश्रणापुढे २२ गेजच्या पत्र्याइतकाच निरुपयोगी आहे. मिश्रण साठवू न देणे, वाटेत पाण्याचा अडसर ठेवणे, खोली उघडी असणे यांचा पत्र्याच्या जाडीशी काही संबंध नाही, आणि म्हणूनच कदाचित जाडीवर जितकी चर्चा होते तितकी यांवर होत नाही.

२०२३ च्या जानेवारीत भारत सरकारने हरित हायड्रोजनची राष्ट्रीय योजना मंजूर केली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे लक्ष्य ठेवले. त्या निमित्ताने विद्यापीठांतून आणि तंत्रनिकेतनांतून लहान घट बांधण्याचे प्रकल्प वाढतील. नव्या औद्योगिक घटांत जाडीचा विचार पुन्हा वेगळ्या दिशेने चालू आहे. आम्ल पटलाच्या घटात टायटेनियमचा पत्रा महाग असल्यामुळे तो शक्य तितका पातळ करावयाचा आणि पातळ पत्र्याला ताठपणा यावा म्हणून त्याच्यावर पन्हळी दाबावयाच्या, अशी पद्धत रूढ होत आहे. म्हणजे ताठपणा जाडीतून न घेता आकारातून घ्यावयाचा.

कळंबोलीच्या दुकानात मात्र टोकांचे दोन पत्रे जाड आणि मधले पाच पातळ मागणाऱ्या गिऱ्हाइकाची अडचण होते. पत्रा आठ फूट बाय चार फुटांचा अखंड विकला जातो, आणि १५ सेंटिमीटरच्या सात तुकड्यांसाठी दोन जाड्यांचे दोन पत्रे कोणी घेत नाही. असा मनुष्य शेजारच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात जातो, तेथे कामातून उरलेले तुकडे किलोवर मिळतात. सातही पत्रे एकाच तुकड्यातून कापले जातात. तो तुकडा टाकीच्या कामातून उरला असेल तर त्याची जाडी टाकीची असते, ओट्याच्या कामातून उरला असेल तर ओट्याची.